स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा अधूनमधून लागतो? स्पोर्ट्स कारमधला लपंडाव पकडायची रीत

कायमचा बिघाड शोधणं सोपं. तो जागचा हलत नाही, मीटर लावला की सापडतो. अधूनमधून येणारा बिघाड गाडी रॅम्पवर चढली की गायब होतो आणि दोन दिवसांनी एखाद्या वळणावर पुन्हा डोकं वर काढतो. मग कंटाळून स्कॅनरने ज्याचं नाव घेतलं तो सेन्सर बदलला जातो, दिवा आठवडाभर विझतो आणि पुन्हा लागतो. हा लेख त्या फेऱ्यातून बाहेर पडण्यासाठी आहे. हत्यारं फारशी लागत नाहीत: चेसिसचे कोड वाचणारा स्कॅनर, साधा डिजिटल मल्टिमीटर, जॅक, दोन भक्कम स्टँड, टायरचा प्रेशर गेज, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक वही.

ही यंत्रणा नेमकं काय ताडून पाहते

स्टॅबिलिटी कंट्रोलचं नाव कंपनीगणिक बदलतं. बीएमडब्ल्यू आणि माझदा डीएससी म्हणतात, पोर्शे पीएसएम, निसान आणि सुबारू व्हीडीसी, टोयोटा व्हीएससी. १९९५ मध्ये बॉश कंपनीची ईएसपी नावाची अशीच यंत्रणा मर्सिडीज-बेंझच्या गाडीत आली, तेव्हापासून कामाचं मूळ तत्त्व तेच आहे. चालकाला कुठे वळायचं आहे ते स्टिअरिंग अँगल सेन्सर सांगतो. गाडी स्वतःभोवती प्रत्यक्ष किती वेगाने वळते आहे ते यॉ रेट सेन्सर सांगतो. बाजूला किती जोर पडतो आहे ते लॅटरल ॲक्सिलरोमीटर सांगतो. त्यात चारही चाकांचे वेग आणि ब्रेकचं प्रेशर येऊन मिळतं. कंट्रोल युनिट हिशेब करतं की एवढ्या वेगाला, एवढं स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी इतकी वळायला हवी. प्रत्यक्ष वळण त्याहून वेगळं निघालं, तर एखाद्या चाकाला एकट्याला ब्रेक लावतं आणि इंजिनाचा टॉर्क कमी करायला सांगतं.

म्हणजे हे युनिट सतत साक्षीदारांची उलटतपासणी घेत असतं. साक्षी जुळल्या नाहीत की ते एकावर बोट ठेवून कोड नोंदवतं. पण बोट ज्याच्यावर ठेवलं तोच खोटा असतो असं नाही. मागच्या चाकांचं टो, म्हणजे वरून बघताना चाकांचा आत-बाहेर कल, बिघडलेलं असेल, तर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग पाच-सहा अंश वाकडं धरावं लागतं. अँगल सेन्सर प्रामाणिकपणे ‘वळतोय’ म्हणतो, यॉ सेन्सर प्रामाणिकपणे ‘सरळ जातोय’ म्हणतो, आणि कोड येतो स्टिअरिंग अँगल सेन्सरचा. सेन्सर बदला, काही फरक पडत नाही. नवख्याची सर्वांत महागडी चूक ती हीच.

स्पोर्ट्स कारमध्ये असे घोळ जास्त होतात याला कारणं आहेत. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर, कडक सस्पेन्शन, ब्रेकची जबरदस्त उष्णता, कमी उंचीमुळे वायरिंगवर उडणारे खडे आणि पाणी, महिनोन्‌महिने उभी राहून अशक्त झालेली बॅटरी. शिवाय मालकांची हौस. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक यांची एकत्र जोडी), व्हील स्पेसर, मोठे ब्रेक, वेगळं स्टिअरिंग व्हील यांतलं काही बसवल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर तपास तिथूनच सुरू करा.

आधी ठरवा, हा बिघाड आहे का

दिवा लुकलुकतो की स्थिर पेटतो, हा पहिला प्रश्न. लुकलुकतो तेव्हा यंत्रणा काम करते आहे, म्हणजे चाक घसरतंय किंवा तिला तसं वाटतंय. स्थिर पेटला तर यंत्रणेने स्वतःला बाजूला केलं आहे. ‘ऑफ’ लिहिलेला वेगळा दिवा असेल तर बटण दाबलं गेलं आहे का ते बघा. कन्सोलवर ठेवलेल्या वस्तूने बटण दाबलं जाणं ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही.

काही वेळा यंत्रणा मुद्दाम थांबते. ट्रॅक्शन कंट्रोलने मागच्या चाकांना वारंवार ब्रेक लावले की ब्रेक तापतात. काही गाड्यांत युनिट तापमानाचा अंदाज काढून ट्रॅक्शन कंट्रोल तात्पुरतं बंद करतं आणि ब्रेक निवले की पुन्हा चालू करतं. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांनंतर दिवा लागून दहा मिनिटांनी आपोआप गेला, कोड काहीच नाही, तर बहुधा हेच. तसंच एकाच ॲक्सलच्या रोलरवर गाडी पळवली, फिरत्या प्लॅटफॉर्मवर चढवली किंवा इग्निशन चालू ठेवून दोन चाकांवर ओढून नेली, तरी साक्षी जुळत नाहीत आणि दिवा लागतो.

इंजिनचा दिवा सोबत लागत असेल तर आधी इंजिनचे कोड सोडवा. टॉर्क कमी करण्याची हमी इंजिन युनिट देऊ शकत नसेल, तर स्टॅबिलिटी कंट्रोल स्वतःहून माघार घेतं. थ्रॉटल बॉडीच्या दोषापायी लोक चाकांचे सेन्सर बदलत बसतात.

आणि लाल ब्रेक दिवा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) दिव्यासोबत लागला तर गाडी पुढे नेऊ नका. ब्रेक ऑईल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या ब्रेकमधला समतोल राखणारी व्यवस्था बंद पडलेली असू शकते. तसं असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

पायरी १: ‘कधी’ लिहून काढा

अधूनमधून येणारा दोष म्हणजे विशिष्ट परिस्थितीत हमखास येणारा दोष, फक्त ती परिस्थिती अजून आपल्याला कळलेली नाही. म्हणून कोड वाचण्याआधी वही. दिवा लागला त्या क्षणी वेग किती, वळण डावं की उजवं, ब्रेकवर पाय होता का, रस्ता ओला होता का, गाडी सुरू करून किती वेळ झाला, इग्निशन बंद-चालू केल्यावर दिवा गेला का. गाडी चालवताना लिहू नका. शेजारी बसलेल्याला सांगा किंवा बोलून फोनवर रेकॉर्ड करा. तीन-चार नोंदी झाल्या की आकृती दिसायला लागते:

- फक्त एकाच दिशेच्या जोरदार वळणावर: बाहेरच्या बाजूच्या चाकाचं बेअरिंग, किंवा खाली गेलेलं ब्रेक ऑईल.
- स्टिअरिंग पूर्ण फिरवून पार्किंग करताना: पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर किंवा स्टिअरिंगमधला क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या व्हीलपर्यंत वीज नेणारी गुंडाळी.
- थांबायच्या बेतात, ताशी ५ ते १० किमीला, पेडल थरथरून: टोन रिंगला (चाकासोबत फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती रिंग) तडा, किंवा सेन्सरखाली साचलेला गंज.
- गाडी निघाल्यावर दर वेळी ताशी १५-२० किमीच्या आसपास: यंत्रणेच्या ब्रेक पंपाची मोटर किंवा तिचा वीजपुरवठा. बऱ्याच गाड्यांत युनिट या वेगाला पंप क्षणभर चालवून बघतं, तो हलका ‘घर्र’ आवाज ऐकूही येतो.
- थंड असताना ठीक, अर्ध्या तासाने हमखास: कंट्रोल युनिटच्या आतले जोड.
- बरेच दिवस उभी ठेवून सुरू केल्यावर लगेच: बॅटरी.
- पावसानंतर किंवा धुतल्यानंतर: कनेक्टरमध्ये पाणी.

ही यादी शेवटचा शब्द नाही, पण तपास कुठून सुरू करायचा हे ती बऱ्यापैकी अचूक सांगते.

पायरी २: कोड वाचा, पुसू नका

स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. आपल्याला चेसिसचे ‘सी’ आणि संपर्काचे ‘यू’ कोड हवेत. उदाहरणार्थ, सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. यू०१२१ म्हणजे एबीएस युनिटशी संपर्क तुटला, यू०१२३ म्हणजे यॉ सेन्सरशी आणि यू०१२६ म्हणजे स्टिअरिंग अँगल सेन्सरशी. बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे कोडही असतात, त्यासाठी त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी ठेवा.

सगळे कोड, त्यांची ‘आता’ की ‘पूर्वी’ ही स्थिती आणि फ्रीझ फ्रेममधले (कोड नोंदवताना युनिटने टिपून ठेवलेले) आकडे लिहून घ्या, मगच पुसा. फ्रीझ फ्रेममध्ये त्या क्षणीचा वेग आणि व्होल्टेज मिळालं तर वहीतल्या नोंदीशी जुळवता येतं. कोडचा शब्दही नीट वाचा. ‘सर्किट तुटलं’ हा विजेचा दोष आहे, ‘सिग्नल असंभाव्य’ हा साक्षी न जुळल्याचा. पहिल्यात वायर आणि सेन्सर बघायचा, दुसऱ्यात टायर, अलाइनमेंट, रिंग आणि बेअरिंग. हा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मी मेहनत वाचते.

एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळ्या युनिटचे संपर्क तुटल्याचे कोड दिसले, तर पाच-सहा वस्तू एकदम बिघडलेल्या नसतात. व्होल्टेज पडलेलं असतं, नाहीतर एखादा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली ऋण वायर, सैल असतो.

पायरी ३: फुकटात होणाऱ्या तपासण्या

बॅटरी. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मीच राहिली. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ मिळायला हवं, मात्र नव्या गाड्यांतलं स्मार्ट चार्जिंग हा आकडा मुद्दाम वर-खाली करतं. बॅटरीची टर्मिनलं हाताने फिरवून बघा. हाताने हलत असतील तर खड्ड्यातही हलणार.

टायर. चारही चाकांचं प्रेशर थंड असताना मोजा आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या तक्त्याशी जुळवा. मग साइडवॉलवरची मापं वाचा. २२५/४५ आर १७ टायरचा व्यास ६३४ मिमी भरतो: रिमचे १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी, अधिक दोन्ही बाजूंच्या साइडवॉलचे २०२.५. मागे २५५/४० आर १७ असेल तर व्यास ६३६ मिमी, म्हणजे जोडी जुळते. पण कुणी मागे २४५/४५ आर १७ बसवले तर व्यास ६५२ होतो, जवळजवळ ३ टक्के जास्त. मागची चाकं कायम हळू फिरताना दिसतात आणि युनिटचा हिशेब चुकतो. माप एकच असूनही फरक पडतो. पुढे ८ मिमी नक्षीचा नवा टायर आणि मागे २ मिमी उरलेला असेल, तर व्यासात १२ मिमीचा, सुमारे १.९ टक्के, फरक होतो. थोडा फरक युनिट शिकून घेतं, पण त्यात हवा कमी असलेला एखादा टायर मिसळला की मर्यादा ओलांडली जाते.

ब्रेक ऑईल. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि टाकीतली पातळी खाली येते. किमान रेषेच्या जेमतेम वर असलेलं ऑईल जोरदार वळणात एका बाजूला जातं आणि लेव्हल स्विच क्षणभर ‘कमी’ म्हणतो. पॅड न तपासता वरून ऑईल ओतून मोकळं होऊ नका. नवे पॅड बसवताना तेच ऑईल टाकीबाहेर येईल आणि रंग खराब करेल.

ब्रेक लाइटचा स्विच. छोटी, स्वस्त आणि कायम दुर्लक्षित वस्तू. बहुतेक गाड्यांत त्यात दोन संपर्क असतात आणि पेडल दाबल्यावर दोन्हींची स्थिती एकाच वेळी बदलायला हवी. स्कॅनरवर ब्रेकची स्थिती लावा आणि पेडल बोटाने अगदी हळू दाबा, सोडा. एका संपर्काची स्थिती बदलली आणि दुसरा अडखळला तर युनिट गोंधळतं. सोबत क्रूझ कंट्रोल मध्येच सुटत असेल तर संशय पक्का समजा.

पायरी ४: चाकांचे सेन्सर

तपासातला सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि बहुतेक वेळा उत्तरही इथेच मिळतं.

सुरुवात स्कॅनरने. शेजारी बसलेल्याच्या हातात स्कॅनर देऊन फक्त चार चाकांचे वेग लावा. वीस गोष्टी एकदम लावल्या की प्रत्येक आकडा सावकाश ताजा होतो आणि क्षणभराची पडझड निसटून जाते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० किमीला चारही आकडे एकमेकांच्या १ किमीच्या आत हवेत. मग वेग हळूहळू शून्यावर आणा. एखादं चाक इतरांच्या आधी शून्य दाखवत असेल किंवा मध्येच शून्यावर आपटून परत येत असेल, तर गुन्हेगार सापडला. वळणात मात्र फसू नका. २० मीटर त्रिज्येच्या वळणात, १.५ मीटर रुंदीच्या गाडीची बाहेरची चाकं आतल्यापेक्षा सुमारे साडेसात टक्के जास्त वेगाने फिरणारच. तो दोष नव्हे.

आता गाडी सपाट, कडक जमिनीवर जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक वरून-खालून आणि डावीकडून-उजवीकडून धरून हलवा. बेअरिंगमध्ये खेळ जाणवला तर पुढे शोधायची गरज नाही. वळणात हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) कलतं, सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बदलतं, सिग्नल तुटतो. हे अंतर सर्वसाधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपासच असतं, त्यामुळे थोडा खेळही पुरतो.

सेन्सर दोन प्रकारचे. जुन्या गाड्यांत पॅसिव्ह, म्हणजे नुसती तारेची गुंडाळी. साधारण ८०० ते २,००० ओहम रोध दाखवतात आणि चाक हाताने सेकंदाला एक फेरा फिरवलं तर एसी व्होल्टवर काही शे मिलिव्होल्ट देतात. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना महत्त्वाची. ताशी ३-५ किमीखाली हे सेन्सर मुकेच असतात. नव्या गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर असतात. त्यांना पुरवठा लागतो आणि ते सुमारे ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांत बोलतात. त्यांच्यावर ओहममीटर लावून काहीही कळत नाही, उलट सेन्सर खराब होऊ शकतो. दोन्हींना दोनच वायर असल्यामुळे प्रकार नुसतं बघून कळत नाही. कनेक्टर काढा, वायरिंगच्या बाजूला मीटर डीसी व्होल्टवर लावा आणि मग इग्निशन चालू करा. बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसलं तर ॲक्टिव्ह. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सेन्सर जोडलेला नाही हे ओळखून काही युनिट थोड्या वेळात पुरवठाच बंद करतात. ॲक्टिव्ह सेन्सर तपासायला मीटर मिलिअँपिअरवर ठेवून एका वायरच्या मार्गात जोडा आणि चाक अगदी सावकाश फिरवा. आकडा ७ आणि १४ यांच्यात उड्या मारायला हवा. एखाद्या जागी अडकत असेल तर दोष रिंगमध्ये.

रिंगही दोन प्रकारची. दातेरी लोखंडी रिंग डोळ्यांनी दिसते. चाक फिरवत टॉर्चने पूर्ण फेरा बघा, केसाएवढा तडाही पुरतो. तडा गेला की दोन दातांमधलं अंतर त्या जागी वाढतं आणि प्रत्येक फेऱ्याला युनिटला वाटतं चाक क्षणभर लॉक झालं. सुमारे २ मीटर घेराच्या टायरला ताशी ७ किमीला ही गफलत साधारण सेकंदाला एकदा होते, म्हणून थांबताना पेडल ठराविक तालात थरथरतं. दुसरी रिंग म्हणजे बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकी पट्टी. ती गुळगुळीत दिसते आणि दोष डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी चुंबकाचे पट्टे दाखवणारं तपासणी कार्ड मिळतं. ब्रेक डिस्कचा लोखंडी भुगा चिकटून तिचा सिग्नल बिघडतो. बेअरिंग बसवताना हातोडा लागला तरी तेच. आणि बेअरिंग उलटं बसवलं तर चुंबकी बाजू सेन्सरच्या विरुद्ध जाते, मग सिग्नल येतच नाही. बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर आधी हे बघा.

सेन्सर काढताना घाई नको. तो हबमध्ये गंजाने घट्ट बसतो, पकडीने पिळला तर डोकं तुटून हातात येतं. बोल्ट काढा, गंज सोडवणारं ऑईल मारून वेळ द्या, मग डावं-उजवं हलकेच फिरवत काढा. ज्या सपाट जागेवर तो टेकतो तिथला गंज नीट खरवडा. गंजाचा थर सेन्सरला वर उचलतो, अंतर वाढतं आणि पूर्ण धडधाकट सेन्सर कमी वेगाला मुका होतो. बऱ्याचदा नवा सेन्सर नको असतो, ही साफसफाईच हवी असते. परत बसवताना बोल्ट हलक्या हाताने. मापं मॅन्युअलप्रमाणे, पण बहुतांश ठिकाणी ८ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं.

पायरी ५: वायर हलवून बघा

सेन्सरपासून बॉडीपर्यंतची वायर प्रत्येक वळणाला वाकते, प्रत्येक खड्ड्याला ताणली जाते. तांब्याच्या बारीक तारा आतल्या आत तुटतात आणि वरचं रबर शाबूत राहतं. स्कॅनरवर वेग किंवा मीटरवर करंट लावून ठेवा, एकाने चाक फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने वायर हातभर-हातभर वाकवत, ओढत यायचं. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पुन्हा तेच. कॉइलओव्हर बसवलेल्या गाडीत वायरची मूळ क्लिप नव्या शॉकला बसत नाही, मग ती झिप-टायने बांधलेली असते आणि पूर्ण वळणात ताणली जाते. रुंद टायर आत घासतो का तेही बघा, वायरवर चकचकीत घासलेली जागा दिसेल.

तुटलेली वायर चाकाजवळ डाग देऊन जोडू नका. डाग दिलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारीच पुन्हा तुटते. त्या भागाची पूर्ण जोडवायर बदला. जोड द्यायचाच असेल तर न वाकणाऱ्या भागात, क्रिम्प (दाबून बसवायचा जोड) आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरून, आणि दोन वायरींचा मूळ पीळ कायम ठेवून. इन्सुलेशनला टोचणी मारून मोजणं टाळा, त्या भोकातून पाणी शिरतं. कनेक्टरच्या तोंडात मीटरची जाड टोकं घुसवू नका. पिन फाकते आणि आधी नसलेला बिघाड आपणच जन्माला घालतो.

हिरवट बुरा आलेले कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळू द्या, पिन सैल नाहीत ना बघा. पॉलिश पेपर घासू नका, पिनवरचा मुलामा जातो.

युनिटचा अर्थ तपासताना ओहम मोजून समाधान मानू नका. एकच तार उरली असली तरी मीटर ‘शून्य’ दाखवतो. स्कॅनरवरून पंप चालवा आणि त्याच वेळी बॅटरीचं ऋण टोक आणि युनिटचा अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट काढून धातू उघडा होईपर्यंत साफ करा.

‘यू’ कोड असतील तर कॅन लाइन, म्हणजे युनिट ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी, मोजा. बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबा आणि दोन लाइनींमधला रोध बघा. ६० ओहमच्या आसपास बरोबर, कारण दोन टोकांचे १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० दिसले तर एका टोकाचा मार्ग तुटलेला आहे. डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर हे मोजता येतं, मात्र गेटवे (मधला दुवा असलेलं युनिट) असलेल्या गाड्यांत चेसिसची लाइन तिथपर्यंत पोचतेच असं नाही. अशा गाडीत एबीएस युनिटच्या कनेक्टरवर मोजा.

पायरी ६: स्टिअरिंग अँगल आणि यॉ

सरळ रस्त्यावर गाडी सरळ चालवताना अँगल शून्याच्या जवळ, एक-दोन अंशांत हवा. तो कायम चार-पाच अंश दाखवत असेल तर आधी चारही चाकांचं अलाइनमेंट करा, मगच शून्य कॅलिब्रेशन. उलट क्रमाने केलं तर चुकीच्या जागेलाच शून्य म्हणून शिक्कामोर्तब होतं. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की सेन्सर स्वतः शिकतो, काहींत स्कॅनर लागतोच. स्टिअरिंग सावकाश फिरवताना आकडा कुठे उडी मारतो का ते बघा. उडी मारत असेल तर सेन्सर किंवा क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंग व्हील उतरवायची वेळ आली तर एअरबॅगमुळे बॅटरी सोडवून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबणं बंधनकारक समजा.

यॉ सेन्सर बहुधा मधल्या कन्सोलखाली किंवा सीटखाली असतो. त्याचे बोल्ट घट्ट आहेत का, त्यावरचा बाण योग्य दिशेला आहे का, आजूबाजूचं कार्पेट ओलं आहे का, ते बघा. उघड्या टपाच्या गाड्यांत टपाच्या कडेच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि ते पाणी नेमकं सीटखाली साचतं. गाडी सपाट जागी उभी असताना यॉ आणि लॅटरल दोन्ही शून्याजवळ हवेत. चालू गाडीत दोघांची आपापसात पडताळणीही करता येते. मोकळ्या बंद जागेत एकसारख्या गोल वळणात, ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला यॉ सेकंदाला २० अंश असेल, तर लॅटरल सुमारे ०.३६ जी यायला हवं. दोन्ही दिशांना फिरून बघा. एका दिशेला जुळतं आणि दुसऱ्या दिशेला नाही, तर शून्य सरकलं आहे.

पायरी ७: कंट्रोल युनिट सर्वांत शेवटी

वरचं सगळं स्वच्छ निघालं आणि दोष गाडी तापल्यावरच येत असेल, तरच इकडे वळा. इंजिनच्या उष्णतेत आणि थरथरीत राहून आतले जोड तडकतात. इंजिन गरम असताना दिवा लागला की युनिटच्या कनेक्टरपाशी पुरवठा आणि अर्थ मोजा. दोन्ही शाबूत असूनही युनिट स्कॅनरला उत्तर देत नसेल किंवा पंप चालवत नसेल, तर संशय योग्य आहे. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ब्लॉकवरून ब्रेकच्या नळ्या न उघडता वेगळा होतो आणि दुरुस्तीला पाठवता येतो. तुमचंच युनिट दुरुस्त होऊन आलं तर कोडिंग बहुधा तसंच राहतं. जुन्या बाजारातलं युनिट स्वस्त दिसतं, पण त्यात दुसऱ्या गाडीची ओळख असते आणि ते बसवून भागत नाही, कोडिंग आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन नव्याने करावं लागतं. ब्रेकच्या नळ्या उघडल्याच तर युनिटमधली हवा नुसती पेडल मारून निघत नाही, स्कॅनरवरून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. ऑईल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच. डीओटी ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डीओटी ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाहीत.

खात्री करणं

कोड पुसून दिवा विझला याला दुरुस्ती म्हणत नाहीत. वहीत ज्या परिस्थितीत दोष येत होता, तीच पुन्हा तयार करा: पार्किंगमध्ये यायचा तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, तापल्यावर यायचा तर पूर्ण तापवून, धुतल्यावर यायचा तर धुऊन. ते करताना चारही चाकांचे वेग रेकॉर्ड होऊ द्या. सार्वजनिक रस्त्यावर गाडी मुद्दाम घसरवून यंत्रणा तपासू नका. त्यासाठी बंद जागा आणि कमी वेग. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन बदलांमध्ये गाडी काही दिवस चालू द्या, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. काढलेला जुना सेन्सर महिनाभर जपून ठेवा. दोष परतला तर तो निर्दोष होता हे ठरेल आणि पुन्हा कामाला येईल.